पेटी न उघडता पुढे जावी म्हणून: गोव्यातील नव्या निर्यातदारासाठी मार्गदर्शक

पोर्तुगीज राजवटीत मुरगावहून निघालेली आगगाडी घाट चढण्यापूर्वी कुळ्याला थांबत असे आणि तिथे पोर्तुगीज कस्टमचे लोक सामान तपासत. दूधसागरच्या कड्यावरून गाडी कॅसलरॉकला पोचली की ब्रिटिश हिंदुस्थानच्या कस्टमचे लोक तेच सामान पुन्हा तपासत. मधले अंतर एका घाटाचे, गाडी तीच, ट्रंकही तीच. पण एका बाजूने काय पाहिले ते दुसऱ्या बाजूला ठाऊक नसे आणि ठाऊक असते तरी त्यावर विसंबण्याचे काही कारण नसे. आज सीमाशुल्काच्या क्षेत्रात देशादेशांमध्ये जे सहकार्य चालते, त्याचा सारा खटाटोप या एका अडचणीपोटी आहे. एका देशाच्या कस्टमने जे तपासले आणि नोंदवले, ते दुसऱ्या देशाला वेळेत कळावे आणि त्याने ते ग्राह्य धरावे, म्हणजे प्रामाणिक माणसाची पेटी दर वळणावर उघडावी लागणार नाही आणि तपासणीचा वेळ जिथे खरोखर संशय आहे तिथे लागेल.

वेर्णे, कुंडई किंवा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत नुकतेच निर्यात विभागात लागलेले तरुण आणि स्वतःचा छोटा कारखाना सांभाळत पहिल्यांदाच परदेशी माल पाठवू पाहणारे उद्योजक, अशा दोघांसाठी हा लेख आहे. दोघांचाही समज बहुधा असा असतो की हे आंतरराष्ट्रीय मापदंड ही दिल्ली आणि ब्रुसेल्स इथल्या अधिकाऱ्यांची बाब असून आपण फक्त कस्टम ब्रोकरने मागितलेले कागद द्यायचे. हा समज महागात पडतो, कारण त्या मापदंडांतील बहुतेक अपेक्षा शेवटी कारखान्याच्या फाटकावर, गोदामात आणि ट्रकच्या दाराशी येऊन थांबतात.

आधी चौकट समजून घ्या

चार नावे लक्षात ठेवली तरी सुरुवातीला पुरेसे आहे. पहिले नाव जागतिक सीमाशुल्क संघटनेचे. १९५२ मध्ये सीमाशुल्क सहकार्य परिषद म्हणून तिची स्थापना झाली, तिचे मुख्यालय ब्रुसेल्सला आहे आणि १८०हून अधिक देशांची सीमाशुल्क खाती तिची सदस्य आहेत. तिच्या परिषदेची पहिली बैठक २६ जानेवारी १९५३ रोजी भरली होती, म्हणून तो दिवस आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क दिन मानला जातो. आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाच्या धामधुमीत तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरे नाव याच संघटनेने जून २००५ मध्ये स्वीकारलेल्या 'सेफ' या मापदंड-चौकटीचे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेला तीव्रतेने जाणवले की दररोज बंदरात उतरणाऱ्या हजारो कंटेनरांमध्ये काय आहे हे आपल्याला ते उतरेपर्यंत नेमके माहीत नसते. प्रत्येक देशाने यावर आपापला वेगळा उपाय काढला असता तर व्यापार ठप्प झाला असता, म्हणून सर्वांसाठी एक चौकट आखली गेली. तिचे चार मुख्य घटक आहेत. मालाची माहिती आधी आणि इलेक्ट्रॉनिक रूपात मिळावी. जोखीम ओळखण्याची पद्धत सर्वत्र सारखी असावी. आयात करणाऱ्या देशाने रास्त कारणासाठी विनंती केली तर निर्यात करणाऱ्या देशानेच, शक्यतो पेटी न उघडता स्कॅनरने, माल तपासून द्यावा. आणि जे व्यावसायिक सुरक्षेच्या किमान अटी पाळतात त्यांना त्याचा प्रत्यक्ष लाभ मिळावा. नवशिक्याने चौथा घटक पक्का लक्षात ठेवावा, कारण एईओ म्हणजे 'अधिकृत आर्थिक प्रचालक' ही योजना त्यातूनच आली.

तिसरे नाव सुधारित क्योतो कराराचे. कस्टमची कार्यपद्धती सोपी आणि एकसारखी करणारा हा करार २००६ मध्ये अमलात आला आणि भारत त्याचा सदस्य आहे. चौथे नाव जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराचे. डिसेंबर २०१३ मध्ये बाली येथे त्याच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या, भारताने एप्रिल २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो लागू झाला. माल पोचण्यापूर्वी कागदपत्रे स्वीकारणे, आगाऊ निर्णय देणे, एक खिडकी, जोखमीवर आधारित तपासणी या आज सवयीच्या वाटणाऱ्या गोष्टी या करारात कलमवार लिहिलेल्या आहेत. 'सेफ' स्वेच्छेने पाळायचा मापदंड आहे, तर हा करार देशांवर बंधनकारक आहे, एवढा फरक ध्यानात ठेवावा.

पहिली पायरी: ओळख

परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाकडून मिळणारा आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, हा तुमचा पहिला क्रमांक. तो पॅनशी जोडलेला असतो आणि एप्रिल ते जून या काळात दरवर्षी ऑनलाइन तपासून अद्ययावत करावा लागतो. काही बदल नसला तरी तसे नोंदवावे लागते, नाहीतर कोड निष्क्रिय होतो. त्यानंतर आइसगेट या सीमाशुल्काच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी आणि ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार, तिथे आपल्या बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक, नोंदवून घ्यावा.

याच टप्प्यावर ब्रोकर निवडावा लागतो. परवानाधारक ब्रोकरलाच काम द्यावे, त्याच्याशी लेखी अधिकारपत्र करावे आणि आइसगेटचा पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन त्याच्या ड्रॉवरमध्ये कायमचे सोडून येऊ नये. भारतीय कायद्यात २०११ पासून स्वयं-मूल्यांकनाची पद्धत आहे, त्यामुळे शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमकडे भरायच्या निर्यातीच्या अर्जात, जे लिहिले जाते त्याची जबाबदारी निर्यातदाराची असते. 'ब्रोकरने भरले, मला माहीत नव्हते' या उत्तराला तिथे फारसे मोल नाही.

दुसरी पायरी: मालाचे नाव आणि त्याचा आकडा

समजा, सत्तरीतला एक लहान कारखाना काजूगर युरोपला पाठवणार आहे. मालाचे वर्गीकरण 'एचएस' या नामावलीनुसार होते. १ जानेवारी १९८८ पासून लागू असलेली ही नामावली २००हून अधिक देश आणि अर्थव्यवस्था वापरतात. तिचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेनुसार जोडतो. भारतात एकूण आठ अंक आहेत. सोललेल्या काजूगराचे सहा अंक ०८०१३२ आहेत आणि टरफलासकट काजूबियांचे ०८०१३१. शेवटच्या एका अंकाचा हा फरक, पण त्यावर शुल्क बदलते, वनस्पती-आरोग्याच्या अटी बदलतात आणि जोखमीचे गणितही बदलते. आकडा एकदा ठरवला की तो सगळ्या कागदांवर तोच राहिला पाहिजे. नामावलीची आवृत्ती साधारण पाच-सहा वर्षांनी बदलते. सध्या २०२२ ची आवृत्ती चालू आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे, तेव्हा जुन्या बिलावरून आकडा उतरवून घेण्याची सवय लावून घेऊ नये.

मसाला लावलेले, भाजलेले, चॉकलेटमध्ये बुडवलेले काजू कुठल्या शीर्षकाखाली जातात याबद्दल खरोखर शंका असेल तर सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. हे प्राधिकरण मुंबई आणि दिल्ली इथे काम करते. अर्जाला थोडा खर्च आणि काही महिने लागतात, पण एकदा लेखी निर्णय हातात असला की पुढचे वाद टळतात. एखाद्या सौद्यापुरता हा व्याप कोणी करणार नाही. मात्र तोच माल वर्षानुवर्षे पाठवायचा असेल तर जरूर करावा.

तिसरी पायरी: कागदावरचे वर्णन

सुरक्षेची सुरुवात बिजकातल्या वर्णनापासून होते, हे नव्या माणसाला चटकन पटत नाही. अमेरिकेच्या नियमानुसार कंटेनर परदेशी बंदरात जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी त्याचा तपशील अमेरिकी कस्टमकडे पोचलेला असावा लागतो. युरोपीय संघाने आयसीएस-२ ही तशीच व्यवस्था २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आणली आणि जून २०२४ पासून ती सागरी मालालाही लागू होऊ लागली. तिच्यात सहा अंकी वर्गीकरण आणि युरोपातील माल घेणाऱ्याचा 'इओरी' हा नोंदणी क्रमांक मागितला जातो. म्हणजे न्हावा शेव्याच्या धक्क्यावर तुमची पेटी उभी असतानाच रॉटरडॅमचा संगणक तिचे मोजमाप घेत असतो. त्या संगणकाला 'खाद्यपदार्थ', 'सामान्य माल' किंवा 'विविध वस्तू' असे वर्णन दिले तर तो ते संशयाच्या रकान्यात टाकतो किंवा सरळ परत पाठवतो.

म्हणून वर्णन असे लिहावे की माल न पाहिलेल्या माणसाच्याही डोळ्यांपुढे तो उभा राहावा. 'काजू' एवढेच न लिहिता 'सोललेले, न भाजलेले, अख्खे काजूगर, प्रत डब्ल्यू-३२०, निर्वात पिशव्यांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत' असे लिहावे आणि पुढे खोक्यांची संख्या, निव्वळ वजन व एकूण वजन द्यावे. प्रतीतला आकडा एका पौंडात बसणाऱ्या गरांची संख्या सांगतो, हे आपल्या भागात कारखान्यात बसणाऱ्या बायकांना तोंडपाठ असते. पण बिजक लिहिणाऱ्या नव्या मुलाला ते अनेकदा माहीत नसते आणि मग तो ३२० ऐवजी २४० लिहून मोकळा होतो. बिजक, पॅकिंग लिस्ट, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, शिपिंग बिल आणि बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) या पाचही कागदांवर खोकी, वजन आणि वर्णन जुळते की नाही हे दुसऱ्या माणसाने, हातात पट्टी धरून, ओळीओळीने पाहावे. आइसगेटवर आता ही कागदपत्रे ई-संचितद्वारे चढवायची असतात, त्यामुळे चुकलेला कागद टेबलावरून गुपचूप बदलून देण्याची जुनी सोय राहिलेली नाही, आणि ते बरेच झाले.

एकूण वजनाबद्दल एक वेगळी अट आहे. १ जुलै २०१६ पासून सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. हा नियम मुळात जहाजाच्या सुरक्षेसाठी आहे, पण काट्यावरचे वजन आणि बिजकातले वजन यांत मोठी तफावत दिसली तर कस्टमचेही कान टवकारतात.

चौथी पायरी: कंटेनर भरण्यापूर्वीची दहा मिनिटे

या पायरीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण गैरप्रकार करणारा माणूस बहुधा इथेच शिरतो. रिकामा कंटेनर आवारात आला की लगेच माल चढवायला घेऊ नये. सात ठिकाणे ठरलेली आहेत आणि ती ठरलेल्या क्रमानेच पाहावीत: बाहेरून तळाची चौकट, आतून-बाहेरून दारे, उजवी भिंत, डावी भिंत, पुढची भिंत, छत आणि जमीन. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर असते. टेप लावून ती मोजावी. जर ती चांगलीच कमी भरली तर पुढची भिंत खोटी असण्याची शक्यता आहे. भिंतीवर लाकडी ठोकळ्याने ठोकत जावे, पोकळ आवाज आणि भरीव आवाज यांतला फरक पहिल्या दोन कंटेनरांनंतर कानाला आपोआप कळू लागतो. दाराच्या बिजागऱ्या आणि हँडलचे रिव्हेट पाहावेत. इतर सगळे गंजलेले आणि एकच रिव्हेट नवा कोरा असेल तर तो का बदलला हे विचारावे.

त्यानंतर एकाने आत उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेरून दारे पूर्ण मिटावीत. डोळे अंधाराला सरावले की छतात किंवा कोपऱ्यात कुठे उजेडाचा टाचणीएवढा ठिपका दिसतो का, ते पाहावे. जिथून उजेड येतो तिथून आपला जून-जुलैचा पाऊसही येतो. सुरक्षेसाठी सांगितलेली ही एक तपासणी काजूला बुरशीपासूनही वाचवते, त्यामुळे कामगारांना ती पटवून द्यावी लागत नाही. दार मिटणाऱ्याने मात्र दुसरा आत आहे हे विसरू नये. हे लिहावे लागते, यावरूनच काय ते समजावे.

कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे, सहा अंक आणि चौकटीत लिहिलेला एक पडताळणी अंक असा असतो. तो दारावर, बाजूंवर आणि छतावर लिहिलेला असतो आणि सर्व ठिकाणी एकच असायला हवा. लाकडी पॅलेट वापरत असाल तर त्यावर गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला आंतरराष्ट्रीय शिक्का पाहावा. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवले आहे किंवा अन्य मान्य प्रक्रिया केली आहे, अशी ती खूण असते. शिक्का नसलेल्या एका पॅलेटपायी अख्खी खेप परत फिरल्याची उदाहरणे या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहेत. या सर्व तपासणीचा एक पानी तक्ता करावा, त्यावर वेळ आणि तपासणाऱ्याची सही असावी, आणि रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला व दार लावलेला अशा चार अवस्थांचे फोटो त्याला जोडावेत.

पाचवी पायरी: सील

आयएसओ १७७१२ या मापदंडाचे उच्च-सुरक्षा बोल्ट सील वापरावे. सील कुलपाच्या कपाटात ठेवावीत, त्यांची नोंदवही असावी आणि ती देण्याचा अधिकार एक-दोन माणसांनाच असावा; गोदामाच्या खिडकीत सीलचा पुडा पडलेला दिसला तर तपासणीला आलेला अधिकारी बाकी काही पाहण्याआधीच आपले मत बनवतो. सील लावल्यावर चार गोष्टी कराव्यात: नीट पाहावे, क्रमांक कागदाशी पडताळावा, सील जोरात ओढावे आणि पिळून पाहावे. खोटे किंवा अर्धवट बसलेले सील पिळताना हातात येते.

कारखान्यात स्वतः सील लावण्यासाठी कस्टमची परवानगी लागते. २०१७ पासून त्यासाठी आरएफआयडी चिप असलेले ई-सील आले असून आयईसी, शिपिंग बिलाचा क्रमांक व तारीख, सील लावल्याची वेळ, कंटेनर आणि ट्रकचा क्रमांक ही माहिती त्याच्याशी जोडली जाते. बंदराच्या फाटकावर यंत्राने ती वाचली जाते आणि सील शाबूत असेल, कस्टमच्या संगणकीय जोखीम व्यवस्थेने काही शंका उपस्थित केली नसेल, तर माल न उघडता पुढे जातो.

इथे स्वतःचा एक किस्सा सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पावसाळी संध्याकाळी मी ऑफिसात बसून गोदामातल्या सहकाऱ्याकडून फोनवर सीलचा क्रमांक घेतला. शेवटचे दोन अंक त्याने 'एकोणसाठ' सांगितले, मी पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात 'एकोणसत्तर' ऐकले आणि तसेच टाइप केले. बंदरावर सील एक सांगत होते, कागद दुसरेच. दुरुस्तीचा अर्ज, पुन्हा तपासणी आणि खुलासा यांत दोन दिवस गेले आणि जहाज निघून गेले. तेव्हापासून क्रमांक फोनवर घ्यायचा झाला तर 'पाच, नऊ' असे सुटे अंकच घ्यायचे आणि सोबत फोटो मागायचा, हा नियम मी पाळत आलो आहे.

सहावी पायरी: रस्ता

मुरगाव बंदर, बाळ्ळीचा कंटेनर डेपो, दाबोळी आणि मोपा हे विमानतळ इतके सगळे गोव्यात असूनही आपला बराच कंटेनर माल रस्त्याने न्हावा शेव्याला जातो. हा प्रवास रात्रीचा, घाटांचा आणि बऱ्याच थांब्यांचा असतो. वाहतूकदाराशी करार करताना ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे आणि प्रवासाला लागणारा अंदाजे वेळ लिहून घ्यावा. जीपीएस असावे आणि ते कोणीतरी खरोखर पाहत असावे. ट्रक ठरलेल्या वेळेपेक्षा तीन तास उशिरा पोचला तर चालकाला शांतपणे कारण विचारून ते नोंदवावे. टायर फुटला असेल तर टायरचे बिल ठेवावे. कोणावर संशय घेण्याचा यात हेतू नाही. उद्या प्रश्न आला तर उत्तर कागदावर असावे इतकेच.

सातवी पायरी: माणसे आणि नोंदी

आवारात कोण येते-जाते याची वही, कायम आणि हंगामी कामगारांची ओळखपत्रे, नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करणे, माल भरण्याच्या जागेवर चालणारे आणि चित्रण साठवणारे कॅमेरे, हे सर्व यात येते. काजूच्या हंगामात रोजंदारीवर माणसे वाढतात आणि नेमक्या तेव्हाच नोंदी ढिल्या पडतात. निर्यातीची कागदपत्रे किमान पाच वर्षे जपून ठेवावी लागतात. गोव्याच्या दमट हवेत पाच वर्षांत कागदाचे काय होते हे सांगायला नको, म्हणून त्यांची स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवावी.

आठवी पायरी: एईओ

भारतात एईओ योजना २०११ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि जुलै २०१६ मध्ये आजच्या स्वरूपात आली. निर्यातदार आणि आयातदारांसाठी टी-१, टी-२, टी-३ अशा तीन श्रेणी आहेत. ब्रोकर, वाहतूकदार, गोदामचालक वगैरेंसाठी एलओ ही वेगळी श्रेणी आहे. टी-१ साठी कायद्याचे पालन, व्यवस्थित हिशेब आणि आर्थिक स्थैर्य कागदोपत्री दाखवावे लागते. टी-२ साठी याशिवाय आवार, माल, वाहतूक, कर्मचारी आणि व्यावसायिक भागीदार यांची सुरक्षा सिद्ध करावी लागते आणि अधिकारी प्रत्यक्ष येऊन पाहतात. चौथ्या ते सातव्या पायरीपर्यंत वर सांगितलेले सगळे त्यांना दाखवायचे असते, आणि आदल्या आठवड्यात केलेली वही कोणती व दोन वर्षे चालवलेली वही कोणती हे अनुभवी अधिकाऱ्याला पानांच्या कडा पाहूनच कळते.

सर्वसाधारण अर्जदाराला मागच्या आर्थिक वर्षात किमान २५ शिपिंग बिले किंवा आयातीची बिले आणि तीन वर्षांचा व्यवसाय दाखवावा लागतो. लघु व मध्यम उद्योगांसाठी डिसेंबर २०२० मध्ये अटी शिथिल झाल्या असून त्यांना वर्षात दहा दस्तऐवज, तेही प्रत्येक सहामाहीत किमान पाच, आणि दोन वर्षांचा व्यवसाय पुरतो. त्यासाठी उद्यम नोंदणी आधी करून घ्यावी. अर्ज ऑनलाइन होतो. थोडक्यात, अगदी नव्या उद्योजकाला हे प्रमाणपत्र पहिल्या दिवशी मिळू शकत नाही. पण ज्या नोंदींवर ते दोन वर्षांनी मिळणार आहे, त्या पहिल्या खोक्यापासून ठेवता येतात. पुष्कळ जण प्रमाणपत्र घ्यायचे ठरल्यावर नोंदी सुरू करतात आणि तिथेच दोन वर्षे मागे पडतात.

लाभ श्रेणीनुसार वाढत जातात: तपासणीचे प्रमाण कमी होते, बँक हमीत सवलत मिळते आणि टी-२ व टी-३ आयातदारांना शुल्क नंतर एकत्र भरण्याची मुभा मिळते. टी-१ घेऊन थांबावे की पुढे जावे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माल फक्त आखाती देशांतल्या एकाच ओळखीच्या ग्राहकाला जात असेल तर टी-१ वर काही काळ थांबायला हरकत नाही. अमेरिका किंवा पूर्व आशिया ही बाजारपेठ असेल तर टी-२ चा खर्च भरून निघतो, आणि त्याचे कारण पुढच्या पायरीत आहे.

नववी पायरी: परस्पर मान्यतेचा उपयोग

भारताने काही देशांशी परस्पर मान्यतेचे करार केले आहेत. हाँगकाँगशी २०१३ मध्ये, दक्षिण कोरियाशी २०१५ मध्ये, तैवानशी २०१८ मध्ये आणि अमेरिकेशी सप्टेंबर २०२१ मध्ये असे करार झाले. यादी वाढत असते, म्हणून आपल्या बाजारपेठेचा देश तिच्यात आला आहे का हे एईओच्या संकेतस्थळावर पाहावे. अशा करारानुसार भारतीय कस्टमने सुरक्षित ठरवलेल्या निर्यातदाराला समोरचे कस्टमही कमी जोखमीचा मानते. मात्र हा लाभ फक्त टी-२ आणि टी-३ धारकांना मिळतो, कारण सुरक्षेची प्रत्यक्ष तपासणी त्यांचीच झालेली असते. कुळे आणि कॅसलरॉकची दोन टेबले शंभर वर्षांत इतकी जवळ आली आहेत.

ही मान्यता आपोआप लागू होते असे समजून गप्प बसू नये. प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर परदेशातील आयातदाराला आपला एईओ क्रमांक, आयईसी आणि कंपनीचे प्रमाणपत्रावर जसे आहे तसे नाव व पत्ता लेखी कळवावा. त्या देशात हा क्रमांक आयातीच्या अर्जात कुठे आणि कोणत्या रूपात भरायचा हे तिथला आयातदार किंवा त्याचा ब्रोकरच सांगू शकतो, आणि तो न भरल्यास समोरच्या संगणकाला तुम्ही इतर कोणाहीसारखेच दिसता. नावाच्या स्पेलिंगमधला फरक, 'प्रायव्हेट' कुठे पूर्ण आणि कुठे संक्षिप्त लिहिणे, जुना पत्ता, एवढ्यानेही जुळणी चुकते.

दहावी पायरी: काही बिघडले तर

सील तुटलेले आढळले, खोकी कमी भरली किंवा अनोळखी वस्तू दिसली, तर ती हाताळू नये, जागा तशीच ठेवावी, फोटो घ्यावेत आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांना लगेच कळवावे. शिपिंग बिलात चूक लक्षात आली तर स्वतःहून दुरुस्तीचा अर्ज करावा. जोखीम व्यवस्थेच्या दृष्टीने स्वतः कबूल केलेली चूक आणि पकडली गेलेली चूक यांत मोठा फरक असतो. कंपनीचा पत्ता, मालकी किंवा संचालक बदलले तर एईओ विभागाला वेळेत कळवावे. कारखाना दुसऱ्या शेडमध्ये हलवून कॅमेरे जुन्याच शेडमध्ये राहिले आणि वर्षभराने आलेल्या अधिकाऱ्याने ते पाहिले, असेही घडते.

पणजीला मांडवीच्या काठावर जी जुनी निळी इमारत आहे, ती पोर्तुगीज काळातले आल्फांदेगा, म्हणजे कस्टम हाऊस. आता तिथे 'धरोहर' हे सीमाशुल्क व वस्तू-सेवा कराचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. नव्या कर्मचाऱ्यांना मी एकदा तरी तिथे पाठवतो. जप्त केलेल्या वस्तू आणि त्या लपवण्याच्या युक्त्या एकदा डोळ्यांनी पाहिल्या की दुसऱ्या दिवशी कंटेनरची पुढची भिंत मोजताना टेप सैल धरला जात नाही.